उरलेलं कुठे गेलं?

चि. … यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या दोन्ही फायली वाचल्या. एकीत सौर तबकडीच्या वाफेवर हळद शिजवायची योजना आहे. दुसरीत त्याच हळदीतलं कर्क्युमिन नॅनोकणांत भरून थेट कॅन्सरच्या गाठीपर्यंत न्यायची. शेवटी प्रश्न टाकलायस: "मॅडम, दोन्हीत नावीन्य आहे, मी कशात पडू?" बाबांना तबकडी हवी, कारण शेत घरचं आहे. तुझ्या गाइडना नॅनोकण हवेत, कारण पेपर चांगल्या जर्नलमध्ये लागेल. तू मधल्यामध्ये अडकलायस. तू हुशार आहेस, धीर सोडू नकोस वगैरे लिहीत बसत नाही. हुशार नसतास तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते.

दोन्ही फायलींच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत एकच आकडा दिसला आणि माझं डोकं फिरलं. ९२ टक्के. तबकडीची कार्यक्षमता ९२ टक्के, नॅनोकणांची कार्यक्षमता ९२ टक्के. यातला पहिला आकडा आरशाचा आहे. नवा, धुतलेला काचेचा आरसा पडलेल्या उजेडापैकी एवढा परत फेकतो. दुसरा कुपीतला आहे. घातलेल्या औषधापैकी एवढं कणांच्या पोटात बसलं. हळदीपर्यंत किती पोचलं? गाठीपर्यंत किती पोचलं? दोन्ही आकडे निघतानाच मोजलेत, पोचल्यावर कुणी मोजलेलं नाही.

म्हणून मी तुला एकच प्रश्न विचारणार आहे आणि पत्र संपेपर्यंत तोच विचारत राहणार आहे, कंटाळलास तरी. उरलेलं कुठे गेलं?

आधी तबकडी घेऊ. तू लिहिलंयस: १६ चौरस मीटर, दर चौरस मीटरला १००० वॉट, गुणिले ०.९२, म्हणजे १४.७ किलोवॉट. गुणाकार बरोबर आहे. आता खाली उतर. शेफलर तबकडी म्हणजे पॅराबोलॉइडचा एका बाजूने कापलेला तुकडा. ती सूर्याकडे सरळ तोंड करून बसत नाही, तिरकी बसते; म्हणून तिचा केंद्रबिंदू एका जागी राहतो आणि चूल भिंतीच्या आत मांडता येते. वोल्फगांग शेफलरची सगळी करामत तीच. पण तिरकं बसण्याची किंमत मोजावी लागते. सूर्याच्या जागेवरून बघितलं तर १६ चौ.मी.ची तबकडी फेब्रुवारीत १२-१३ चौ.मी.ची दिसते आणि जूनमध्ये ९ च्या आसपास येते. तुझी हळद फेब्रुवारी-मार्चात निघते, म्हणून १२ धरू. १००० वॉट हा चाचणीसाठी ठरवलेला आकडा, आणि त्यात सगळ्या आभाळाचा उजेड येतो. आरशाला मात्र सूर्याकडून सरळ आलेला किरणच एका ठिकाणी नेता येतो. धुळीने, बाष्पाने, पाचट जाळल्याच्या धुराने विखुरलेला उजेड त्याच्या कामाचा नाही. निरभ्र दुपारी सरळ किरण ८०० वॉट धर. १२ गुणिले ८०० म्हणजे ९६००. आरशाला किरण शिवायच्या आधीच १६,००० चे ९,६०० झाले.

पुढे. आरसा ०.९, कारण तुझे ९२ वर्षभर टिकत नाहीत. धूळ, आणखी ०.९, आणि तेही दर आठवड्याला पुसलास तर. केंद्राशी पडणाऱ्या ठिपक्यातला काही उजेड रिसीव्हरच्या (उजेड झेलून तापणाऱ्या भागाच्या) बाहेर सांडतो: आरशाचे तुकडे हाताने बसवलेले असतात, चौकट वाऱ्याने हलते, आणि सूर्य हा काही बिंदू नव्हे, आभाळात अर्ध्या अंशाची चकती आहे. तिथे पुन्हा ०.९. काळा लेप सगळं शोषत नाही, पुन्हा ०.९. राहिले ६३०० च्या आसपास. तापलेला रिसीव्हर भोवतालच्या हवेला उष्णता वाटत राहतो, वाफेची नळी कितीही गुंडाळली तरी थोडी वाटते. शेवटी हातात ५ किलोवॉट आले तर मी तुझी पाठ थोपटेन.

५ किलोवॉट म्हणजे तासाला आठ किलो वाफ. एक क्विंटल ओली हळद २५ अंशांवरून १०० वर न्यायला पावणेआठ युनिट उष्णता लागते, म्हणजे दीड तास. भांड्यातून जाणारी उष्णता आणि शिजायचा वेळ धरून दोन तास म्हण. दिवसाला सहा तास चांगलं ऊन, तीन क्विंटल. एकरी शंभर क्विंटल ओली हळद धरली तर एका तबकडीला एक एकर उरकायला महिना लागेल. हे गणित बाबांना दाखवलंयस? तू ज्याला तंत्रज्ञान स्वीकारण्यातला अडथळा म्हणतोस त्याला ते खोळंबा म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल. काढलेले गड्डे महिनाभर ढिगात पडून चालत नाही.

यात निराश होण्यासारखं काही नाही. उलट आत्ता कुठे तुझी फाईल सुरू झाली. आत्तापर्यंत ती जाहिरात होती.

हाच प्रश्न दिवसांनाही विचार. हळद सहा-आठ आठवडे. बाकीचं वर्ष तबकडी काय करते? लातूरच्या दुग्धशाळेत २००६ च्या सुमारास 'अरुण' ही १६० चौ.मी.ची तबकडी बसली. आयआयटी मुंबईच्या शिरीष केदारे यांच्या कामातून ती आली. तिच्यावर पाणी दाबाखाली तापवायचं आणि ती उष्णता दूध पाश्चराइज करायला द्यायची. जागा किती विचार करून निवडली आहे बघ. दूध रोज येतं, आणि पाश्चरायझेशनला ७२ अंश पुरतात, म्हणजे गरज माफक आणि रोजची. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ साली प्रत्येकी १६ चौ.मी.च्या ७३ शेफलर तबकड्या बसवल्या, तिथेही तेच. भक्त रोज येतात, भूक रोज लागते. तिथे तबकडी शोभते. तुझ्या शेतावर ती दहा महिने उभी राहून वारा खाणार.

आणि शिजवल्यानंतर हळद दहा-पंधरा दिवस वाळवावी लागते, तिला ५०-६० अंश भरपूर होतात. त्याला आरसा कशाला? काचेखाली काळा पत्रा पुरेल, आणि त्याला विखुरलेलं ऊनही चालतं, म्हणजे आरसा जे टाकून देतो तेही वापरात येतं. तुझ्या फायलीत वाळवणीला अडीच ओळी आहेत. का? त्यात चमकणारं काही नाही म्हणून. हो की नाही, खरं सांग.

मोठमोठ्यांचीही हीच गत झाली आहे. राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या टप्प्यात, २०१० साली, ४७० मेगावॉटचे केंद्रित सौर औष्णिक प्रकल्प वाटले गेले. सात प्रकल्प होते, पुरे झाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कारणं बरीच होती, फोटोव्होल्टाइक पॅनेलचे भाव कोसळले हे त्यातलं मोठं. पण एक कारण मला फार लागतं. राजस्थान-गुजरातच्या वाळवंटात सरळ किरण किती मिळतो याचे अंदाज उपग्रहांवरून बांधले होते आणि जमिनीवर तो कमी निघाला. हवेतल्या बारीक धुळीने खाल्ला. जमिनीवर मोजणारी केंद्रं देशभर बसली ती त्यानंतर. आधी टेंडर, मग मोजमाप! हे वाचून तुला हसू येत असेल तर पहिल्या पानावरचे तुझे १००० वॉट पुन्हा बघ.

ओगुस्तँ मूशोने १८७८ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात उन्हावर वाफ करून तिच्यावर बर्फ बनवून दाखवला होता. लोक थक्क झाले, पदक मिळालं. मग कोळसा स्वस्त झाला आणि सरकारने हात काढून घेतला. फ्रँक शुमनने १९१३ साली कैरोजवळ मादी इथे पॅराबोलिक पन्हळी लावून नाईलचं पाणी शेतात चढवलं. वर्षभरात महायुद्ध पेटलं, १९१८ साली तो गेला, यंत्र मोडीत निघालं. या कथा लोक हळहळत सांगतात, जगाने त्यांना ओळखलं नाही म्हणून. मला हळहळ वाटत नाही, मला शुमनचा हेवा वाटतो. त्याचं यंत्र किती तापलं हे कुणी विचारत नाही, मिनिटाला किती पाणी चढलं ते नोंदलेलं आहे. त्याने पोचलेलं मोजलं.

आता दुसरी फाईल. उन्हाचा हिशोब निदान डोळ्यांसमोर होतो. रक्तात सोडलेल्या कणाचं तसं नाही, म्हणून तिथे हा प्रश्न दुप्पट जोरात विचारायचा.

पॉल एर्लिखने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जादूच्या गोळीची कल्पना मांडली: जंतूला लागेल, माणसाला लागणार नाही. त्या कल्पनेने सगळ्यांना वेड लावलं आहे आणि तुझ्या पहिल्या आकृतीतही तीच आहे. गोल कण, त्यावर फोलेट या ब जीवनसत्त्वाचे काटे, समोर फोलेटची वाट बघणारी कॅन्सरची पेशी, आणि मध्ये एक सरळ बाण. त्या बाणावरून मी तुझ्याशी तासभर भांडू शकेन. रक्तात गेल्या गेल्या तुझ्या कणावर प्रथिनांचा थर चढतो आणि फोलेटचे काटे त्याच्याखाली झाकले जाऊ शकतात. शंभर नॅनोमीटरचा कण मूत्रपिंड गाळत नाही, पण यकृतातल्या भक्षक पेशी त्याला धरतात, प्लीहा धरते. तेच त्यांचं काम आहे, बाहेरून आलेलं काहीही गिळणं. लग्नात अक्षता उधळतो तेव्हा नवरा-नवरीच्या डोक्यावर किती पडतात आणि भटजींच्या खांद्यावर, सतरंजीवर, फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावर किती, तसा हा मामला आहे. तुझ्या बाणाला सतरंजी माहीतच नाही.

टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्रसिद्ध झालेले प्रयोग गोळा करून २०१६ साली हिशोब मांडला: प्राण्यांना टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत किती पोचले? मध्यक निघाला ०.७ टक्के. त्याच गटाने २०१८ साली आणखी खोल जाऊन बघितलं, टोचलेल्यांपैकी प्रत्यक्ष कॅन्सरच्या पेशींत किती. दहा लाखांत चौदाहून कमी. तुझे दहा मिलिग्रॅम घे. ९२ टक्के कणांत बसलं, ९.२ मिलिग्रॅम. त्याचे ०.७ टक्के म्हणजे साधारण ६४ मायक्रोग्रॅम गाठीत. बाकीचे नऊ मिलिग्रॅम कुठे गेले? तुझ्या पंचवीस पानांत यकृत हा शब्द एकदाच आला आहे, तोही हळद यकृताला चांगली असते या वाक्यात.

आणि कर्क्युमिनच का? घरची हळद म्हणून? शरीराच्या सामूवर, ३७ अंशांत, साध्या बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवलं तर अर्ध्या तासात त्यातलं बहुतेक विघटित होतं. ते स्वतःच चमकतं, म्हणून चमक मोजणाऱ्या चाचण्यांना फसवतं. ते बऱ्याच प्रथिनांना चिकटतं, म्हणून ते सगळ्यावर चालतं असं वाटत राहतं. २०१७ साली औषध-रसायनशास्त्राच्या एका नावाजलेल्या नियतकालिकात या सगळ्याचा खरपूस समाचार घेतला गेला. तो लेख तू वाचला नाहीस, कारण तुझ्या संदर्भयादीत नाही. तुझ्या गाइडनी वाचला असणार. यावर अधिक लिहीत नाही.

मी या क्षेत्राची निंदा करतेय असं समजू नकोस. मी आयुष्याची चांगली वर्षं लायपोसोममध्ये, म्हणजे औषध भरायच्या मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, घालवली आहेत. पण या क्षेत्रात जे टिकलं, ते कुणी टिकवलं ते बघ. १९९५ साली अमेरिकेत डॉक्सिल हे कॅन्सरवरचं औषध मंजूर झालं. त्यातलं मूळ औषध डॉक्सोरुबिसिन हृदयाला इजा करतं. ते लायपोसोममध्ये भरून, वर पीईजी या पॉलिमरचा थर देऊन सोडलं की हृदयाची इजा कमी झाली. त्याची खरी कमाई हीच, औषध हृदयात कमी गेलं. मग हृदयात न गेलेलं कुठे गेलं? रक्तात बराच वेळ फिरत राहिलं आणि त्यातलं काही तळहात-तळपायांच्या कातडीत उतरलं. रुग्णांचे हातपाय लाल व्हायचे, सोलायचे. तो रकाना त्यांनी लपवला नाही, म्हणून डॉक्टरांना मात्रा आणि दोन डोसांमधलं अंतर ठरवता आलं.

आपल्याकडचं उदाहरण हवं? २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस आला. तेव्हा लायपोसोमल अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत वणवण करत होते, ते तू पाहिलं असशील. साधं अँफोटेरिसिन बुरशीला मारतं आणि मूत्रपिंडालाही सोडत नाही. लायपोसोममध्ये घातलं की मूत्रपिंडाला बसणारा मार कमी होतो. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने ते भारतात बनवण्यासाठी अनेक वर्षं काम केलं आणि ते रुग्णांपर्यंत नेलं. तिथेही 'कुठे जायला नको' हा हिशोब आधी मांडलेला होता.

आणि माझं सर्वांत लाडकं उदाहरण, ऑनपॅट्रो हे औषध, २०१८. मेदाचे नॅनोकण शेवटी यकृतातच जातात, म्हणून सगळे कपाळाला हात लावून बसलेले. या लोकांनी कपाळावरचा हात काढला. रक्तातलं अपोलिपोप्रोटीन ई कणाला चिकटतं आणि त्याला यकृताच्या पेशीत घेऊन जातं, हे त्यांनी नीट तपासलं. मग ज्या रोगाचं बिघडलेलं प्रथिन यकृतातच तयार होतं असा रोग घेतला, ट्रान्सथायरेटिनचा अमायलॉइडोसिस, म्हणजे ते प्रथिन अवयवांत साचत जाण्याचा रोग. उरलेलं जिथे जात होतं तिथेच त्यांनी काम शोधलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून घरभर फिरले. आमच्याकडेही यकृताचा तो रकाना होता. आम्ही त्याच्याकडे अडचण म्हणून बघत होतो.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण तू विचारलं आहेस की मी तबकड्या सोडून औषधांत का गेले आणि औषधं सोडून घरी का बसले.

मी ज्या छोट्या कंपनीत तबकड्या करत होते तिथे एका कारखान्याला द्यायच्या माहितीपत्रकात मालकांना केंद्राशी मिळणारं तापमान छापायचं होतं. ५०० अंश. खोटं नव्हतं, पातळ पत्रा धरला तर मिळायचं. मी म्हणाले, तापमान नको, रोज किती किलो वाफ मिळेल ते छापा आणि बाकीची ऊर्जा कुठे जाते तो तक्ता खाली द्या. गिऱ्हाईक पळेल, ते म्हणाले. तक्ता गेला आणि गिऱ्हाईक पळालं. त्यानंतर ऑफिसात मला 'उणे बाई' म्हणू लागले. बाईंना बेरीज येत नाही, असा विनोद होता.

पुढे औषधांत आले. तिथे उंदरांच्या अवयवांचा तक्ता माझ्याकडे होता. यकृताचा रकाना सर्वांत मोठा. वरिष्ठांनी सुचवलं, हा परिशिष्टात टाका, मुख्य अहवालात फक्त गाठीचा आलेख ठेवा. मी तक्ता मुख्य अहवालातच ठेवला. सहा महिन्यांत प्रकल्प बंद. माझ्या हाताखालची दोन मुलं बेकार झाली, त्यातल्या एकाने नंतर माझा फोन कधी उचलला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही उचलला नसता.

तरी मी बरोबर होते. आजही म्हणते, आणि रात्री झोप लागली नाही की जरा जास्त ठासून म्हणते. तो रकाना लपवून आम्ही पुढे गेलो असतो तर तो माणसांवरच्या चाचणीत उघडा पडला असता, तेव्हा दोन मुलांच्या नोकऱ्यांपेक्षा मोठी किंमत पडली असती. माझे हे म्हणणे कुणी खोडून काढलेलं नाही. अर्थात मी ते कुणाला विचारलेलंही नाही. माझ्या नावावर एक पेटंट नाही, ज्यांनी मला उणे बाई म्हटलं त्यांच्या नावावर आहेत. त्यातली किती चालतात ते मोजायचा मोह मी आवरते. रोज नाही आवरत.

मला खंत आहे ती वेगळीच. मी दुसऱ्यांच्या फायलीत 'उरलेलं कुठे गेलं' विचारत राहिले, स्वतःची फाईल कधी उघडली नाही. माझ्या मनात एक तबकडी होती, फक्त सांडलेला उजेड गोळा करणारी. ती कागदावरही नीट आली नाही. संसार, बदल्या, सासूबाईंचं आजारपण. सगळी खरी कारणं आहेत, आणि मी ती बऱ्याच जणांना बऱ्याचदा सांगितली आहेत. तुला नाही सांगत.

तर तू कशात पडावंस? मी निवडून देणार नाही. पण ज्या प्रश्नाचं उत्तर तू स्वतःच्या हातांनी मोजू शकशील ते काम घे. तबकडीचा पूर्ण हिशोब मांडायला सरळ किरण मोजणारा पायरहेलिओमीटर लागेल (कॉलेजकडे नसेल तर विद्यापीठात विचार, शोभेला ठेवलेला असतो), चार-सहा थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा), तराजू आणि बादली. वाफ थंड करून वजन कर, अर्धा हिशोब तिथेच होतो. एका हंगामात संपूर्ण ताळेबंद होईल: आला किती, सांडला किती, धुळीने किती खाल्ला, नळीने किती. नॅनोकणांचा ताळेबंद करायचा तर प्राणी लागतील, त्यांच्या वापराची रीतसर परवानगी लागेल, प्रत्येक अवयवातलं औषध एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजावं लागेल, आणि बेरीज टोचलेल्या मात्रेच्या जवळपास यायला हवी. ती येत नसेल तर काहीतरी विघटित झालंय किंवा काहीतरी मोजायचं राहिलंय. तुझ्या विभागात प्राणिगृह नाही. पेशींवर प्लेटमध्ये केलेल्या प्रयोगात कण पेशीच्या अंगावरच ओतलेला असतो, तिथे पोचण्याचा प्रश्नच नसतो. त्याला तू 'लक्ष्यवेधी' म्हणालास तर मी तुझ्या व्हायव्हाला येऊन मागच्या बाकावर बसेन. उंदराचा निकाल मिळाला तरी हुरळू नकोस; उंदराची गाठ दोन-तीन आठवड्यांत फुगवलेली, त्याच्या देहाच्या मानाने अवाढव्य, तिच्या रक्तवाहिन्या गळक्या. माणसाची तशी नसते.

गाइडना हे कसं सांगायचं असं विचारू नकोस. त्यांना तक्ता दाखव. शब्दांनी मीही कधी कुणाला पटवू शकले नाही.

आणि आता ज्यासाठी मी खरं म्हणजे पत्र लिहायला घेतलं ते. पान ११, खालून चौथी ओळ. "रिसीव्हरच्या बाहेर पडणाऱ्या प्रकाशावर तांब्याची वेटोळी लावून बॉयलरचे पाणी आधीच कोमट करता येईल." एवढंच लिहून पुढच्या परिच्छेदात तू पुन्हा ९२ वर गेलास! अरे, तुझ्या दोन्ही फायलींतली उरलेल्याची विचारपूस करणारी ही एकमेव ओळ आहे आणि ती तू जाता जाता लिहिलीस. सांडलेल्या उजेडासाठी दुय्यम परावर्तक लावायची कल्पना जुनी आहे, रोलंड विन्स्टनने १९७० च्या दशकात त्याचं गणित मांडलं. ते आधी वाच. पण विन्स्टनच्या वाटेने तो उजेड पुन्हा आत ढकलण्याऐवजी आहे तिथेच कमी तापमानाच्या कामाला लावायचा, आणि त्या कोमट पाण्याची ऊब रात्री वाळवणीला द्यायची, हे तुझ्या हळदीला नेमकं बसतं. शिजवणीला १०० अंश, वाळवणीला ६०. एकाच तबकडीचं पोचलेलं एकीकडे, सांडलेलं दुसरीकडे. माझ्या अंदाजाने त्या वेटोळ्यात पाचशे वॉटसुद्धा येणार नाहीत. पण पाचशे की शंभर, ते तू मोजून सांग. माझा अंदाज खोटा ठरला तर मला आनंदच होईल, फार नाही पण होईल.

हे नवं आहे की नाही ते पेटंटच्या नोंदी चाळल्याशिवाय कुणी सांगू नये, मीही सांगत नाही. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं होतं. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने, तेव्हा डॉ. माशेलकर महासंचालक होते, जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून १९९७ साली ते रद्द करायला लावलं. ती गोष्ट अभिमानाने सांगतोस ना तू? मग उलट बाजूनेही ऐक. आधी उघड झालेली गोष्ट नवी राहत नाही, हा नियम तुलाही लागू आहे. पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज आधी कर, तिथून पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात, आणि तेवढ्यात हळदीचा एक हंगाम बसतो. अर्जात ९२ लिहू नकोस.

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, कॉलेजच्या प्रदर्शनात तुझं पोस्टर लागणार आहे असं तू शेवटच्या ओळीत मोठ्या उत्साहाने कळवलंयस. पान ११ ची ती ओळ आणि वेटोळ्याची आकृती त्यावर असेल तर काढून टाक. फक्त नॅनोकणांचं लाव हवं तर, त्याने कुणाचं काही बिघडणार नाही. सर रागावले तर त्यांना माझा नंबर दे.

तुझी,
उणे बाई